चष्म्याच्या घरातली तालीम

बाई, गेल्या शनिवारी सकाळी तुम्ही माझ्या नव्या कॉम्प्युटरवर आलात, आणि आलात त्या ‘अज्ञात कलाकार’ म्हणून. रागावू नका, सांगते. गाणी वाजवायची जी नवी सोय आली आहे ना, ती सगळ्या फायली आपण होऊन तपासते आणि आलेलं गाणं लगेच वाजवायलाही लागते. गायकाचं नाव सापडलं की त्याचा वेगळा कप्पा करते, आणि ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही त्याला या अज्ञातांमध्ये ढकलते. माझा जुना लॅपटॉप अगदीच टेकीला आला होता. बिजागरी तुटलेली, पडद्यामागे जाड पुस्तक ठेवल्याशिवाय तो उभा राहायचा नाही, आणि पंखा मिक्सरसारखा घरघरायचा. शेवटी नवा घेतला, दोघांना वायरीने जोडलं आणि वीस वर्षांत जमवलेलं सगळं गाणं इकडून तिकडे लावून दिलं. कॉलेजात मैत्रिणींकडून सीडीवर उतरवलेलं, मैफलींचं, नवऱ्याची भांगड्याची गाणी, सगळं. दीड तास लागेल असं दाखवत होतं, म्हणून मी पोहे करायला आत गेले. आणि पोहे परततेय तोच बाहेरच्या खोलीतून तुमचा आवाज आला, “अगं, निषाद कुठे लावतेयस? खाली पडला बघ तो. उचल, उचल त्याला.”

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. नवरा चहा पीत बसला होता, त्याने विचारलं, “या कोण?” बारा वर्षांचा संसार झाला आमचा, आणि त्याला तुमचा आवाज माहीत नाही. मी म्हटलं, “बाई.” तो म्हणाला, “तुझ्या गाण्याच्या बाई? पण तू तर सांगायचीस, त्या कुणाला रेकॉर्ड करू द्यायच्याच नाहीत.” मी म्हटलं, “नाहीच द्यायच्या.” “मग हे काय आहे?” मी पुढे होऊन आवाज बंद केला. पोहे खाली लागले ते लागलेच, तसेच खाल्ले आम्ही.

त्याला उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते. त्या जुन्या लॅपटॉपमध्ये ‘ऑफिस मीटिंग’ नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात तुमच्या स्वयंपाकघरातल्या एकशे बेचाळीस सकाळी आहेत. तुम्हाला न विचारता, तुमच्या नाकासमोर, चष्म्याच्या घरात रेकॉर्डर लपवून घेतलेल्या. ऑफिस मीटिंग हे नाव अशासाठी, की चुकून कुणाच्या हाती लागलंच तर उघडून बघायची कुणाला इच्छा होऊ नये. नाव देताना मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

तुमच्याकडे मी यायला लागले तेव्हा मला मोहालीत नोकरी लागून जेमतेम चार महिने झाले होते. कराडहून थेट इथे, मोहालीशेजारच्या या सेक्टरांच्या शहरात. सगळे रस्ते एकसारखे, सगळे चौक एकसारखे, ऑटोवाल्याला सेक्टरचा नंबर चुकीचा सांगितला की कुठल्या तरी तिसऱ्याच बागेसमोर उतरायचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी एक अभंग म्हटला, आणि खाली उतरले तर तुम्ही माझा दंड धरून मला बाजूला नेलंत. “सुरात आहेस. पण हे असं ओढून गायला कुणी शिकवलं तुला? रविवारी ये.” एवढंच. पत्ता तुमच्या यजमानांनी, काकांनी, लिहून दिला. त्या सरकारी क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत काकांचा टीव्ही आणि आतल्या खोलीत तुमच्या लेकीची पुस्तकं, म्हणून आपली तालीम स्वयंपाकघरात. जानेवारीत बाहेर धुकं इतकं, की समोरचं शहतूताचं, म्हणजे तुतीचं, झाड दिसत नाही, आणि आत तुम्ही गॅसशेजारी पाट टाकून बसलेल्या, पुढ्यात मटारची ही रास. शेंग फोडता फोडता शिकवायचात. डाव्या हाताने डाळीच्या डब्याच्या झाकणावर ठेका आणि उजव्या हाताने दाणे ताटलीत. मी तंबोरा धरून समोर. सम चुकली की एक दाणा माझ्या अंगावर यायचा.

पहिल्याच दिवशी तुम्ही अट घातलीत. “माझ्याकडे यंत्र चालणार नाही. यंत्र ऐकतंय म्हटलं की माणूस ऐकायचं सोडतो.” माझ्या आधी एक बाई यायच्या, सेक्टर सतरातल्या बँकेत होत्या, त्यांनी मोबाइल पदराखाली सुरू ठेवला होता म्हणून तुम्ही तो काढून कणकेच्या डब्यात घातलात आणि “डब्यासकट न्या, परत येऊ नका” असं सांगितलंत, ही गोष्ट काका हसून हसून सांगायचे. मीही हसले होते. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मी तेच केलं, फक्त जास्त हुशारीने. झालं काय, की ओळीने तीन रविवार मला आधीच्या आठवड्याचं काही आठवेना. सकाळी नऊ ते रात्री आठ ऑफिस, डोक्यात दुसरंच काहीतरी भणभणत असायचं. तुम्ही तंबोरा माझ्या हातून काढून घेतलात आणि म्हणालात, “मला वेळ जात नाही म्हणून मी शिकवत नाही. जा, बाळ, झोप काढ घरी.” ‘बाळ’ म्हणालात तेच फार लागलं. ओरडला असतात तर बरं झालं असतं. ऑफिसात मीटिंगची टिपणं काढायला मला बोटाएवढा रेकॉर्डर दिलेला होता. पुढच्या शनिवारी चष्मा डोळ्यांवर आणि चष्म्याचं घर मांडीशेजारी, असं करून मी बसले.

मग काय विचारता. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून मी तुम्हाला ऐकायची. एकेक तान वीसवीसदा. मटारच्या शेंगांचा आवाज, कुकरची शिट्टी, बाहेर ‘गोभी ले लो’ ओरडणारा, आणि त्याच्यामधून तुम्ही. शनिवारी तुमच्यासमोर बसून सगळं जसंच्या तसं. पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा तुमचा शेंग फोडणारा हात थांबला. “अगो बाई! एकपाठी आहेस की काय?” मग ते नावच पडलं. आल्यागेल्याला सांगायला लागलात, आमची ही कराडची पोर एकपाठी आहे हो, एकदा ऐकलं की झालं, देवाने काय कान दिलाय. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा लाजबिज काही वाटली नाही. मला हवेत चालल्यासारखं व्हायचं. घरापासून इतक्या लांब कुणीतरी माझं नाव अभिमानाने घेत होतं. ते सोडवेना मला.

पण त्या स्वयंपाकघरात तिसरं माणूस होतं. तुमची लेक अकरावी-बारावीत, मेडिकलच्या तयारीसाठी सेक्टर चौतीसच्या क्लासला जायची. क्लासहून आली की तुम्ही तिला तिथेच बसवायचात, दप्तरही खाली ठेवू न देता. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. तुम्ही तान घालायचात, ती घ्यायची आणि मध्येच कुठेतरी वेगळीच वाट धरायची, मग हसायची, “आई, नहीं याद रहता मुझे.” आणि तुम्ही माझ्याकडे बोट करायचात. “हिला बघ. आठवड्यातून दोनदा येते, नोकरी करते, घरी कुणी सांगणारं नाही, तरी अक्षर चुकत नाही. आणि तू? जन्मल्यापासून कानावर पडतंय तुझ्या!” फायलींमध्ये हे वाक्य इतक्यांदा आहे, की मी मोजायचं सोडून दिलं. दर वेळी त्याच्यानंतर एक छोटी शांतता आहे. त्या शांततेत मी काहीतरी बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, की “बाई, मला घरी ऐकायला मिळतं, तिला नाही.” मी काय करायची? मान खाली घालून तंबोऱ्याच्या तारांखालचा जवारीचा दोरा सारखा करायची. किती साधी दिसत असेन तेव्हा!

मार्चमधला तो शनिवार तुम्हाला आठवत असणारच. तुम्ही तिला अंतरा तिसऱ्यांदा म्हणायला लावलात, तिचा तिसऱ्यांदा चुकला, आणि तुम्ही नेहमीचं वाक्य सुरू केलंत. ती उठली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “तो इसी को सिखाओ ना, आई. मुझे क्यों बिठाते हो?” आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्या पाटावर कधी बसली नाही. परीक्षा झाली, मेडिकलला नंबर लागला, हॉस्टेल, ड्युट्या. लोक म्हणाले, डॉक्टरकी आली की गाणं सुटतंच. मीही लोकांबरोबर तेच म्हटलं.

आता खरं ते सांगते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आपली तालीम चालू होती आणि मला ऑफिसचा फोन आला. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि दहा मिनिटं बोलत राहिले. चष्म्याचं घर तिथेच तुमच्या पाटाशेजारी. त्या दहा मिनिटांत काका चहा मागायला आत आले. ते मी सोमवारी मोहालीला जाताना बसमध्ये ऐकलं. काका म्हणतात, “पोरगी जेवली नाही काल. तू तरी कशाला सारखी तुलना करतेस?” तुम्ही शेंगा फोडत राहता, नुसता तो आवाज. मग म्हणता, “गळा आपल्या पोरीचाच आहे हो. हिला पाठ होतं, पण पाठच होतं. पोरगी चुकते, पण चुकताना असं काही घेऊन जाते की माझ्या अंगावर काटा येतो. हिचं नाव घेते मी, ते पोरीला डिवचायला.” काका म्हणतात, “मग सांग की तिला तसं.” आणि तुम्ही, “छे! तोंडावर कौतुक केलं की संपलं. माझ्या आईने मला जन्मात कधी बरं म्हटलं नाही, म्हणून तर गाणं टिकलं माझं. बारावी होऊ दे तिची, मग बसवते नीट.” मग दार वाजतं, आणि माझा आवाज, “सॉरी बाई, ऑफिसचा होता.” तुम्ही म्हणता, “ये, बस. कुठे होतो आपण?”

बसमध्ये माझ्या शेजारी ऑफिसातली एक मुलगी होती. ती विचारत होती, क्या हुआ, तबीयत ठीक है? मी म्हटलं, पित्त झालंय. सेक्टरामागून सेक्टर गेले आणि मी कंपनीच्या दारात उतरले, कामही केलं. काय वाटत होतं ते आज नीट सांगता येईल. तुमचा राग आला, तिचा मत्सर वाटला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली, की हे तिला कळलं तर मी कुठली? हे मीच तिला सांगायला हवं होतं. एक वाक्य. पण सांगायचं म्हणजे कसं कळलं ते सांगायचं आलं, आणि ते सांगितलं की माझाही रेकॉर्डर कणकेच्या डब्यात. मी गप्प बसले. पुढची चार वर्षं शनिवार-रविवार येत राहिले, एकपाठी म्हणवून घेत राहिले. एका पाडव्याला तुम्ही तुमचा तंबोरा मला दिलात. “पोरीला काय उपयोग आता,” म्हणालात. ऑटोत तो नीट आडवा ठेवायला तीच खाली आली होती, तिने भोपळ्याखाली स्वतःची ओढणी घालून दिली, “धक्का लग जाएगा, ताई.” मी ती ओढणीसुद्धा परत केली नाही.

बाई, तुमच्यावरही माझा राग आहे, तो आज काढून टाकते. तुम्हाला काय झालं होतं एकदा बोलायला? आपल्याकडे पोराला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, दृष्ट लागते, डोक्यात जाते, हे मला ठाऊक आहे, माझीही आई तशीच. पण बारावी झाली, मेडिकलची पाच वर्षं झाली, काका गेले, आणि तुम्ही थांबलातच. काकांनंतर दीड वर्षाने तुम्ही अशा गेलात, की रुग्णालयात न्यायलाही वेळ मिळाला नाही. ती तेव्हा सेक्टर बत्तीसच्या रुग्णालयात इंटर्न होती, ड्युटीवरून धावत आली. तुमचं ते वाक्य ऐकलेली माणसं तीनच. त्यातली दोन गेली. उरले मी.

तेराव्याला तुमच्याच क्वार्टरमध्ये सगळे जमले होते, मंडळातले, शेजारची सरदार मंडळी, तुमच्या जुन्या शिष्या. कुणीतरी म्हणालं, बाईंचा शब्द खरा पाळला तो हिने. यंत्राला हात लावला नाही, सगळं कानाने घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि तेव्हाच तुमची लेक माझ्यासमोर येऊन बसली. तिने विचारलं, “ताई, आपके पास आई की कोई रिकॉर्डिंग है क्या? छोटी-सी भी चलेगी. मेरे पास कुछ नहीं है. फोन में भी सिर्फ मिस्ड कॉल हैं.” तिचे डोळे इतके सुजलेले होते. आणि मी, बाई, मी सगळ्यांसमोर म्हटलं, “नाही गं. बाई कुठे करू द्यायच्या?” ती म्हणाली, “हाँ, वो तो है,” आणि उठून पाहुण्यांना पाणी द्यायला गेली. तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये तुमचे दीडशे तास होते. घरी आल्यावर मी आंघोळ केली, जेवले आणि झोपले, असं मला आठवतं. झोप लागली का, ते आठवत नाही.

अकरा वर्षं झाली त्याला. लॅपटॉप दोनदा बिघडला, दोनदा दुरुस्त केला. डिस्क जाते की काय म्हणून मी वेड्यासारखी दुकानांच्या चकरा मारल्या, आणि दुकानदाराने विचारलं, इतना क्या है इसमें मॅडम, तर म्हटलं, ऑफिस का डेटा. पुसूनही टाकलं नाही, दिलंही नाही. गेल्या शनिवारी तुम्ही नवऱ्यासमोर बोललात म्हणून, नाहीतर आणखी अकरा वर्षं गेली असती. त्याला सगळं सांगितलं त्या दुपारी. तो एवढंच म्हणाला, “तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे?” मी पेन ड्राइव्ह घेतला आणि फायली भरल्या. एकशे एक्केचाळीस भरल्या. एक ठेवली. ते नवराबायकोचं खासगी बोलणं आहे, परक्या माणसाने असं पुढे देणं बरं दिसत नाही, अशी मी माझी समजूत घातली. बघा, काय काय सुचतं माणसाला!

बुधवारी सेक्टर बत्तीसला गेले. ती आता तिथेच भूल देणारी डॉक्टर आहे. दोन ऑपरेशनांच्या मध्ये पंधरा मिनिटं होती तिला. कॅन्टीनमध्ये हिरव्या कपड्यांतच आली, डोक्यावरची टोपी खिशात कोंबलेली. तुमच्यासारखीच चालते, बाई, डावा खांदा थोडा वर. मी चहा घेतला नाही. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि पाठ करून आणलेलं सगळं म्हणून टाकलं, रेकॉर्डर, चष्म्याचं घर, बस, तेरावा. माझं म्हणून झालं. मग तिने ड्राइव्ह उचलून मुठीत धरला आणि म्हणाली, “ताई, मुझे पता था.”

मला कळेना. मी विचारलं, “काय माहीत होतं?” ती म्हणाली, “डिब्बे में लाल लाइट जलती थी. ढक्कन के जोड़ के पास से दिखती थी. मैं सामने ही तो बैठती थी.” मी म्हटलं, “अगं, मग आईला सांगितलं का नाहीस? माझ्यावरून बोलणी खायचीस तू!” तर हसली. “आप जाती थीं तो आई दो दिन गुनगुनाती रहती थी. पकड़वा देती तो फिर किसको सिखाती? मुझे?” मी तेराव्याचं विचारलं, की माहीत होतं तर तेव्हा सगळ्यांसमोर का नाही पकडलंस मला. तिने खांदे उडवले. “सोचा, आप खुद दे दोगे. थोड़ा टाइम लगेगा.” आणि मग, बाई, ती म्हणाली, “ज़्यादा लग गया, बस.”

तिला वरून बोलावणं आलं. उठताना तिने विचारलं, अगदी सहज, टोपी घालता घालता, “मेरे बारे में कुछ है इसमें? डाँट के अलावा?” तो क्षण होता. सांगून टाकायचं होतं, एवढ्यासाठी देव पंधरा मिनिटं देतो. मी म्हटलं, “ऐक ना तू सगळं.” ती “पक्का” म्हणून जिना चढून गेली. आणि मला ठाऊक होतं, की ती सगळं ऐकेल, एकशे एक्केचाळीस सकाळी ऐकेल, रोज ड्युटीहून आल्यावर एकेक, आणि सगळीकडे तिला तुमचं तेच वाक्य सापडेल, हिला बघ, हिला बघ. मी आजवर तुमचं गाणं चोरलं होतं, ते एक वेळ चालून जाईल. पण बुधवारी मी तिला जे देऊन आले ते त्याहून वाईट होतं. नुसता ओरडा देऊन आले मी तिला, पिशवी भरून.

गुरुवारी तिचा मेसेज आला, “दो सुनीं. कुकर की सीटी पे रोना आ गया.” शुक्रवारी, “आप सच में अच्छा गाती थीं, ताई.” काल काही आला नाही. आज रविवार. सकाळपासून मी हे पत्र घेऊन बसले आहे, नवऱ्याने स्वतःच खिचडी टाकली. मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं की तुम्ही तिकडून परवानगी द्याल, मग पाठवीन. पण परवानगी न घेता मी एकशे बेचाळीस वेळा तुमचं घेतलं, आणि आता द्यायच्या वेळी मला तुमची परवानगी हवी! हा कुठला न्याय?

म्हणून ती एक फाइल पाठवली. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. खाली लिहिलं, “ही एक मी मुद्दाम मागे ठेवली होती. सतराव्या मिनिटापासून ऐक, मी बाहेर गेल्यानंतरचं.” तिने उघडली आहे एवढं दिसतंय, उत्तर नाही. तुम्ही तिला तोंडावर सांगणार नव्हतात, तेव्हा हे तुमच्या मनाविरुद्ध झालं असेल तर झालं. तुम्ही तेव्हा तालमीतून मला जसं ‘बाळ’ म्हणून घरी पाठवलं होतंत, तसं आजही पाठवा. हे पत्र मात्र मी कुणाला दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही, कारण यात अजून एक गोष्ट लिहायची आहे.

पाठवायच्या आधी ती फाइल मी पुन्हा ऐकली. अठरा वर्षांत किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब नाही. दर वेळी मी तुमच्या त्या बोलण्याशी थांबत नाही, पुढेही ऐकत राहते. मी अंगणातून परत येते, तुम्ही मला तान घालता, मी घेते, बरोबर घेते, मग पुन्हा फोन वाजतो म्हणून बाहेर जाते. तुम्ही आणि चहासाठी थांबलेले काका पुन्हा दोघंच असता, साधारण अर्धा मिनिट. तिथे मी आवाज मोठा करते. वाटतं, आता तरी तुम्ही त्यांना म्हणाल, की तसा हिचाही गळा बरा आहे. आजही म्हणाला नाहीत, बाई.